देवघरातला लवणस्तंभ: नागपूरच्या एका भूशास्त्र विभागातील प्रकरण

प्रकरणाचे स्वरूप

धंतोलीतील एक जुने घर पुनर्विकासासाठी रिकामे होत असताना देवघराशेजारच्या कपाटातून पांढरट, मधाळ छटेचा एक दगडी स्तंभ निघाला, आणि त्या कुटुंबातील नातीने तो आमच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागात आणून दिला. तिच्या विनंत्या दोन होत्या. हा दगड खरोखर काय आहे ते विभागाने तपासून सांगावे, ही पहिली. घरात सांगितले जाते त्याप्रमाणे तो आजच्या छत्तीसगडमधल्या बस्तरच्या गुहेतला निघाला, तर विभागाच्या हिवाळी अभ्याससहलीबरोबर तो परत न्यावा आणि मूळ जागी ठेवून यावा, ही दुसरी. पहिल्या विनंतीचे उत्तर देणे फारसे अवघड नव्हते. दुसरीवर मात्र विभागातील शिक्षकांत बराच काळ मतभेद राहिले, आणि ते मतभेद मुळात गुहेतले जिवंत काय आणि मृत काय याविषयीचे होते, म्हणून हे प्रकरण सविस्तर नोंदवण्याजोगे वाटते.

धंतोलीच्या घरात बस्तरचा दगड कसा, असा प्रश्न आजच्या विद्यार्थ्याला पडतो. पन्नासच्या दशकातल्या नागपूरकराला तो पडला नसता. १ जानेवारी १९४८ रोजी बस्तर संस्थान मध्य प्रांत व वऱ्हाडात विलीन झाले, १९५० साली त्या राज्याचे नाव मध्य प्रदेश झाले, आणि १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत त्याची राजधानी नागपूरच होती. त्या काळात नागपूरचे कारकून, ओव्हरसियर आणि इंजिनियर बदलीवर जगदलपूरला जात असत. नातीचे आजोबा त्यांपैकी एक होते. बांधकाम खात्याच्या नोकरीत ते १९५३ च्या सुमारास जगदलपुरात होते, जंगलातल्या एका गुहेत काही स्थानिक माणसांबरोबर उतरले होते आणि तिथून हा दगड घेऊन आले, एवढेच घरात सांगितले जाते. गुहेचे नाव कोणालाच आठवत नाही.

नाव आठवत नसले, तरी अंदाज बांधता येतो. जगदलपूरच्या दक्षिणेला कांगेर नदीच्या खोऱ्यात चुनखडकाच्या अनेक गुहा आहेत. त्यांपैकी कैलास गुहा १९९३ साली प्रकाशात आली, म्हणजे ती वगळावी लागते. कुटुमसर गुहेचे सर्वेक्षण मात्र भूगोलाचे प्राध्यापक शंकर तिवारी यांनी १९५१ साली केले होते, आणि आसपासच्या आदिवासींना ती त्याही आधीपासून ठाऊक होती. त्यामुळे कुटुमसरची शक्यता सर्वांत जास्त आहे. अर्थात शक्यता आणि पुरावा या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुढच्या निर्णयात हा फरक महत्त्वाचा ठरला.

ओळख

स्तंभाची उंची २३ सेंटिमीटर, तळाचा व्यास सुमारे ७ आणि माथ्याचा सुमारे ४ सेंटिमीटर आहे. तळ तुटका, माथा गोलसर. पाहताक्षणी कोणीही त्याला गुहेतला, ठिबकत्या पाण्यातल्या चुन्याने घडलेला लवणस्तंभच म्हणेल, पण विदर्भात अशा दिसण्यावर विसंबणे धोक्याचे असते. नागपूर शहर ज्या खडकांवर वसले आहे त्यांची ठेवण चमत्कारिक आहे. पश्चिमेला दख्खनचा बेसाल्ट, ज्याची सीताबर्डीची टेकडी बनली आहे. पूर्वेला त्याहून कितीतरी प्राचीन पट्टिताश्म (नाइस). आणि उत्तरेला, रामटेक-मनसर-देवलापारच्या बाजूला, सौसर गटाचे संगमरवर आणि डोलोमाइट (मॅग्नेशियमयुक्त चुनखडक), ज्यांच्या सोबतीने मँगनीजच्या खाणी आहेत. बेसाल्टमधल्या पोकळ्यांत कॅल्सेडोनीचे, म्हणजे सिलिकाच्या एका कठीण खनिजाचे, लोंबते स्तंभ तयार होतात आणि हौशी संग्राहकांकडे ते पुष्कळदा दिसतात. संगमरवराचा तुकडा कोणी कातून घेतलेला असू शकतो. काळ्या मातीतले चुनखडीचे गोटे तर वऱ्हाड-नागपुरातला प्रत्येक शेतकरी ओळखतो. यात आणखी एक भर घालावी लागते, ती म्हणजे जुन्या पुलांच्या आणि गळक्या स्लॅबच्या खालच्या बाजूला सिमेंटमधून उतरलेल्या चुन्याच्या नळ्यांची. त्या दिसायला गुहेतल्यासारख्याच असतात, पण त्यांची रासायनिक घडण उलटी असते: तिथले पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून चुना टाकते, गुहेतले पाणी तो वायू सोडून टाकते.

तपासणी साधीच होती. तुटक्या तळावरून सुटलेल्या एका कणावर थंड, विरल हायड्रोक्लोरिक अम्लाचा थेंब टाकल्यावर तो जोराने फसफसला, म्हणजे डोलोमाइट बाद झाला, कारण डोलोमाइटची पूड केल्याशिवाय थंड अम्लात असा जोर दिसत नाही. सुरीच्या टोकाने सहज ओरखडा उठला, म्हणजे काचेलाही चरे पाडणारी कॅल्सेडोनी बाद झाली. वजन १४९० ग्रॅम आणि पाण्यात टांगून काढलेले घनफळ सुमारे ५६० घन सेंटिमीटर, म्हणजे घनता २.६६. शुद्ध कॅल्साइटची, म्हणजे लवणस्तंभ ज्याचे बनतात त्या स्फटिकरूप कॅल्शियम कार्बोनेटची, २.७१ असते; बारीक छिद्रांमुळे एवढा फरक पडतोच. सिमेंटमधून उतरलेला चुना याहून बराच पोकळ आणि हलका असतो.

खरा निर्णायक पुरावा तुटलेल्या तळावर होता. ओला करून भिंगाखाली धरल्यावर तिथे एकात एक बसलेली वर्तुळे स्पष्ट दिसली आणि मध्यभागी नळीची खूण नव्हती. छतावरून लोंबणारा अधोमुखी स्तंभ पोकळ नळीपासून सुरू होतो आणि ती नळी, नंतर बुजली तरी, छेदात सहसा ओळखू येते. जमिनीवरून वर वाढणाऱ्या ऊर्ध्वमुखी स्तंभाला अशी नळी नसते. त्याचे थर माथ्यावर टोपीसारखे बसत जातात आणि कडेने उतरतात. संगमरवरात असे थर नसतातच. तेव्हा हा ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ होता, आणि घरात तो कपाटात उभा ठेवला गेला तो योगायोगाने योग्य बाजूने.

वर्तुळांपैकी काही पांढरी, काही मधाच्या रंगाची आणि दोन-तीन अगदी बारीक, तपकिरी, मातकट रेषा अशी रचना आहे. मधाळ छटा बहुतेक वेळा जंगलाच्या मातीतून पाण्याबरोबर झिरपलेल्या सेंद्रिय द्रव्यांची असते. लोहामुळे लाल-तांबूस आणि मँगनीजमुळे काळपट रंग येतो. मातकट रेषांचा अर्थ वेगळा लागू शकतो. कुटुमसरमध्ये पावसाळ्यात पाणी शिरते आणि त्या महिन्यांत गुहा पर्यटकांसाठी बंद असते. अशा पुराच्या पाण्यातला गाळ स्तंभावर बसला आणि पुढच्या वर्षांत त्यावर पुन्हा कॅल्साइट चढले, तर अशीच रेषा उरेल. हे अनुमान आहे, पण स्तंभ पूर येणाऱ्या गुहेतला असावा या समजुतीशी ते जुळते.

गुहेत काय घडत असते

नातीचा दुसरा प्रश्न समजून घ्यायचा, तर स्तंभ ज्या जागी वाढला तिथे काय चालले होते ते आधी पाहायला हवे. कांगेर खोऱ्यातला चुनखडक इंद्रावती गटाचा आहे, प्रोटेरोझोइक काळात उथळ समुद्रात साचलेला, म्हणजे सापळे असलेले प्राणी पृथ्वीवर येण्याच्याही आधीचा. गुहा मात्र त्या खडकाच्या मानाने कालपरवाची आहे आणि स्तंभ तर आजचाच.

पावसाचे पाणी हवेतून येताना थोडासा कार्बन डायऑक्साइड घेते, पण खरे काम मातीत होते. झाडांची मुळे आणि कुजणारा पाला यांच्यामुळे जंगलाच्या मातीतल्या हवेत हा वायू बाहेरच्या हवेच्या दहापट ते शंभरपट असतो. तो विरघळून पाणी सौम्य अम्लधर्मी होते आणि खालच्या चुनखडकाच्या फटींतून उतरताना कॅल्शियम कार्बोनेट विरघळवत जाते. गुहेच्या छताशी पोचल्यावर त्याची गाठ अशा हवेशी पडते जिच्यात कार्बन डायऑक्साइड मातीपेक्षा कमी आहे. थेंब लोंबत असताना वायू निसटतो, पाण्याची चुना धरून ठेवण्याची क्षमता घटते, आणि थेंबाच्या कडेला कॅल्साइटचे सूक्ष्म कडे उमटते. थेंब खाली पडतो, आपटतो, उरलासुरला वायू सोडतो आणि तिथे आणखी थोडे कॅल्साइट ठेवून वाहून जातो. पातेल्यात रोज पाणी उकळून तळाशी पांढरा थर बसतो तोही याच कारणाने, फक्त तिथे वायू घालवण्याचे काम चूल करते आणि गुहेत ते काळोखात, कोणत्याही उष्णतेशिवाय होते. बाष्पीभवनामुळे स्तंभ वाढतात असे शालेय पुस्तकांतून मनात बसलेले असते. खोल गुहेत हवा जवळजवळ संपृक्त असल्याने बाष्पीभवनाचा वाटा नगण्य असतो.

या एकाच क्रियेतून जे विविध आकार निघतात त्यांच्यासाठीच लोक अशा गुहा पाहायला जातात, आणि ते योग्यच आहे. छताला थेंबाएवढ्याच व्यासाच्या, काचेसारख्या नाजूक पोकळ नळ्या लागतात आणि प्रत्येकीच्या टोकाला एक थेंब टेकलेला असतो. तिरप्या छतावरून पाणी एकाच वाटेने ओघळत राहिले, की पातळ पडदे तयार होतात. मागून विजेरी धरली तर त्यांच्यातून तांबूस-पांढरे पट्टे उजळून दिसतात. जमिनीवरच्या उतारावर पाणी थबकते तिथे बांध उभे राहून छोटी कुंडे बनतात. थेंब जलद पडत असेल तर स्तंभ जाड होतो, संथ पडत असेल तर बारीक. थेंबाचा वेग शतकानुशतके स्थिर राहिला तर स्तंभ खालपासून वरपर्यंत एकाच जाडीचा वाढतो. आमच्या स्तंभाची निमुळती होत गेलेली बाजू असे सुचवते, की त्याच्यावरचा थेंब हळूहळू मंदावत गेला होता. आकार वाचता येऊ लागला, की गुहेचे सौंदर्य कमी होत नाही, असा माझा विद्यार्थ्यांबरोबरचा अनुभव आहे. उलट मुलेमुली एका नळीखाली बराच वेळ उभे राहून पुढचा थेंब कधी सुटतो याची वाट पाहतात, आणि एरवी अभ्याससहलीत त्यांना इतके गप्प बसवणे कोणालाही जमत नाही.

वाढीचा वेग गुहेनुसार आणि थेंबानुसार पुष्कळ बदलतो. ऊर्ध्वमुखी स्तंभ साधारणपणे वर्षाला मिलिमीटरच्या शंभराव्या भागापासून दहाव्या भागापर्यंत वाढतात असे धरले, तर २३ सेंटिमीटरच्या या स्तंभाला २३०० ते २३,००० वर्षे लागली असावीत. हा पल्ला फार मोठा आहे आणि तो यापेक्षा लहान करण्याचा प्रामाणिक मार्ग मोजणीशिवाय दुसरा नाही.

चमक कुठे गेली

नातीने एक गोष्ट आवर्जून सांगितली होती: आजोबा म्हणत, की गुहेत हा दगड आतून उजेड असल्यासारखा दिसत होता, आणि घरी आणल्यावर तो विझला. हे वर्णन अचूक आहे. गुहेत स्तंभावर पाण्याचा सतत पातळ पापुद्रा असतो, तो पृष्ठभागावरचे सूक्ष्म खड्डे भरून काढतो, आणि प्रकाश विखुरण्याऐवजी आत शिरून आतल्या स्फटिकांवरून परत येतो. नागपूरच्या कोरड्या हवेत, त्यातही ४५ अंशांच्या मे महिन्यात, तो पापुद्रा टिकणे अशक्यच. कोरडा पृष्ठभाग प्रकाश चहूकडे विखुरतो आणि दगड खडूसारखा फिका दिसतो. तळ ओला केल्यावर भिंगाखाली वर्तुळे उठून दिसली तीही याच कारणाने.

माथ्याची कथा निराळी होती. तिथे बारीक खड्डे पडलेले, पृष्ठभाग खरखरीत झालेला आणि फटींत तेलकट, पिवळसर-लाल डाग. चौकशीत कळले, की आजींनी काही वर्षे हा स्तंभ देवघरात शिवपिंडीशेजारी ठेवला होता, आणि महाशिवरात्रीला व श्रावणी सोमवारी त्यालाही पंचामृताचा अभिषेक होत असे. दह्यातले लॅक्टिक अम्ल कॅल्साइटला हळूहळू खाते. तेल आणि हळद-कुंकू त्या खड्ड्यांत जाऊन बसले. आजींना यासाठी दोष देण्याचे कारण नाही. गुहांमधल्या ऊर्ध्वमुखी स्तंभांची पिंड म्हणून पूजा देशात अनेक ठिकाणी होते. पण भूशास्त्राच्या दृष्टीने याचा परिणाम असा, की स्तंभाचा सर्वांत वरचा, म्हणजे सर्वांत अलीकडचा थर आता मूळ स्वरूपात राहिलेला नाही.

परत न्यावा की नाही

विभागातील एका तरुण सहकाऱ्याचा नातीच्या बाजूने ठाम कौल होता. सार्वजनिक ठेव्यातून उचललेली वस्तू परत करणे हेच योग्य, जगभरची संग्रहालये आज ते करत आहेत, आणि सहल तर तिकडे जातेच आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. भावना योग्य आहे हे कोणीच नाकारले नाही. अडचण अशी, की मूर्ती परत देवळात ठेवता येते तसा तुटलेला स्तंभ परत गुहेत ठेवता येत नाही.

पहिली अडचण जागेची. गुहेचे नाव अनुमानावर आधारलेले, आणि दालन तर कोणालाच ठाऊक नाही. समजा कुटुमसरच, तिचा मुख्य मार्ग काहीशे मीटर लांब आहे, आणि त्यात तुटलेले बुंधे एक-दोन नाहीत. विद्यार्थ्यांना विजेऱ्या देऊन बुंधा शोधायला लावणे, म्हणजे एका जुन्या तोडफोडीची भरपाई म्हणून नवी पायपीट आणि नवे स्पर्श. जागा न सापडता स्तंभ कुठेतरी टेकवून ठेवला, तर पहिल्याच पुरात तो एक सुटा धोंडा होऊन इतर स्तंभांवर आदळेल.

दुसरी अडचण जीवसृष्टीची. कुटुमसरच्या पाण्यात लोच गटातला एक लहान मासा राहतो. त्याच जातीचे उघड्या ओढ्यांतले मासे डोळस असताना गुहेतल्या माशांचे डोळे आणि रंग क्षीण झालेले आहेत. गुहेत केंपिओला शंकरी हा रातकिडाही आहे, ज्याच्या नावात शंकर तिवारींचे नाव आहे. उजेड नसल्याने इथे हिरवी वनस्पती नाही. सगळे जीवन वटवाघळांच्या विष्ठेवर आणि पुराबरोबर आलेल्या पालापाचोळ्यावर चालते. अशा उपाशी व्यवस्थेत तूप, मध, साखर मुरलेला, घरातली बुरशी आणि सत्तर वर्षांची धूळ बसलेला दगड नेऊन ठेवणे ही परतफेड म्हणता येणार नाही. निर्जंतुक करायचे, तर रसायनांनी वा उष्णतेने कॅल्साइटलाच इजा होईल.

तिसरा मुद्दा ज्येष्ठ प्राध्यापकांनी मांडला आणि माझ्या मते तोच निर्णायक होता. बुंधा सापडला असे क्षणभर समजू. ज्या फटीतून थेंब पडत होता ती फट १९५३ नंतर कोरडी झाली नसेल, तर थेंब आजही त्याच जागी पडत असणार, आणि तुटलेल्या तोंडावर गेल्या सत्तर वर्षांत मिलिमीटरच्या काही भागापासून सहा-सात मिलिमीटरपर्यंत नवे कॅल्साइट चढलेले असणार. म्हणजे गुहेने स्वतःचे काम सुरूच ठेवले आहे. त्यावर जुना स्तंभ आणून चिकटवणे, म्हणजे ती नवी वाढ गाडून टाकणे. ताजा तुटलेला स्तंभ लगेच इपॉक्सीने जोडण्याची पद्धत काही देशांतल्या गुहांमध्ये आहे आणि ती समजण्यासारखी आहे, कारण तिथे मधल्या काळात काही वाढलेले नसते. इथे जिवंत आहे ती थेंबाची जागा. नातीच्या हातातला दगड हा त्या थेंबाने मागे टाकलेला हिशेब आहे. जपायचे असेल, तर छतावरची फट, तिच्यावरचा चुनखडक, त्याच्यावरची माती आणि मातीवरचे जंगल जपावे लागेल, कारण वरचे जंगल तुटले तर मातीतला कार्बन डायऑक्साइड घटेल आणि थेंब पडत राहूनही जवळजवळ रिकाम्या हाताने पडेल.

कायद्याचाही विचार झाला, पण त्यावर फार वेळ घालवावा लागला नाही. कांगेर खोरे १९८२ साली राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय वनोपज हलवता येत नाही, आणि भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या व्याख्येत जंगलातून आणलेला खडक व खनिजे, त्यात चुनखडकही, वनोपजात मोडतात. आज कोणी असा स्तंभ तोडून आणला, तर तो गुन्हा ठरेल. आजोबांच्या काळी तिथे राष्ट्रीय उद्यान नव्हते. तरीही विभागाने उद्यानाच्या व्यवस्थापनाला पत्र लिहून नमुन्याची माहिती आणि छायाचित्रे पाठवावीत, असे ठरले.

कापावा की नाही

परतीचा प्रश्न सुटल्यावर विभागातच दुसरा उभा राहिला. स्तंभ इथेच राहणार असेल, तर तो उभा कापून आतले थर अभ्यासावेत, असे मत पुढे आले, आणि त्यामागचे कारण हलके नव्हते. पाण्यात युरेनियम विरघळते, थोरियम जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे कॅल्साइट बनताना त्यात युरेनियम येते, थोरियम येत नाही, आणि पुढे युरेनियमच्या क्षयातून जमलेले थोरियम-२३० मोजून थराचे वय काढता येते. थोरियम-२३० चे अर्धायुष्य सुमारे ७५,६०० वर्षे असल्याने ही पद्धत काही लाख वर्षांपर्यंत चालते. त्याच थरातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे, म्हणजे त्याच्या हलक्या आणि जड अणूंचे, प्रमाण पावसाच्या जोराचा अंदाज देते. आपल्याकडच्या मान्सूनमध्ये पाऊस भरपूर असेल, तर जड ऑक्सिजन-१८ चे प्रमाण सामान्यतः कमी होते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण कांगेर खोऱ्यातच आहे. तिथल्या दंडक गुहेतल्या एका ऊर्ध्वमुखी स्तंभावरून आशिष सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली इसवी सन ६०० ते १५०० या काळातल्या मान्सूनचा आलेख प्रसिद्ध केला. त्यात चौदाव्या शतकापासून पंधराव्याच्या मध्यापर्यंत दीर्घ, कोरडे टप्पे दिसतात. महाराष्ट्राच्या लोकस्मृतीत १३९६ पासून बारा वर्षे चाललेला दुर्गादेवीचा दुष्काळ याच टप्प्यात येतो. बखरी आणि परंपरा ज्याची आठवण ठेवतात, त्याची नोंद शेकडो किलोमीटरवरच्या काळोखात एका थेंबाने ठेवली होती. मेघालयातल्या मॉमलुह गुहेतल्या स्तंभाला तर २०१८ साली याहून मोठा मान मिळाला: सुमारे ४२०० वर्षांपूर्वीच्या अवर्षणापासून सुरू होणाऱ्या मेघालयन कालखंडाची आंतरराष्ट्रीय सीमारेषा त्याच्यावर ठरवली गेली.

कापण्याच्या बाजूने आणखी एक चांगला मुद्दा होता. स्तंभ तोडला तेव्हा तो ओला, म्हणजे वाढता होता, हे आजोबांच्या वर्णनावरून दिसते. मग माथ्याचे वय आधीच ठाऊक आहे, १९५३ च्या आसपास, आणि वयमापनाला असा एक पक्का खुंटा मिळणे दुर्मीळ असते. मला स्वतःला हा मुद्दा बराच काळ पटत होता. पण त्याच माथ्याची पंचामृताने झीज झालेली आहे, किती ते सांगता येत नाही. गुहा आणि दालन अनिश्चित आहेत, म्हणून त्या थेंबाच्या पाण्याशी आणि तिथल्या हवेशी तुलना करता येणार नाही. आणि मातकट रेषांमधल्या चिकणमातीबरोबर बाहेरचे थोरियम आलेले असेल, जे दुरुस्त केल्याशिवाय वय फसवे निघेल. शिवाय दिसणारी प्रत्येक वर्तुळरेषा एका वर्षाची असतेच असे नाही, हे झाडाच्या कड्यांची सवय असलेल्या विद्यार्थ्यांना पुन्हापुन्हा सांगावे लागते. असे समस्थानिक मोजायला लागणारे मास स्पेक्ट्रोमीटर हे यंत्र आमच्या विभागात नाही. केवळ कापून पाहण्याचे कुतूहल म्हणून कापला, तर करवतीच्या पात्याने मधला भाग वाया जाईल आणि हाती फक्त एक सुंदर छेद येईल. कोरड्या जागी ठेवलेले कॅल्साइट पन्नास वर्षांत कुठे जात नाही. ज्याच्याकडे नेमका प्रश्न आणि यंत्र दोन्ही असतील त्याने तो पुढे मागावा.

मध्यम मार्ग म्हणून तुटक्या तळाच्या एका लहान कडेला कार्बोरंडमच्या बारीक पुडीने घासून चकाकी आणण्याची परवानगी दिली गेली. तेवढ्या नखाएवढ्या जागेत मधाळ आणि पांढरे थर, त्यांतला तो एक तपकिरी धागा आणि त्याच्यावर पुन्हा सुरू झालेली पांढरी वाढ इतकी स्वच्छ दिसते, की प्रथम वर्षाच्या वर्गाला वाढीचा खंड समजावण्यासाठी फळ्यावर आकृती काढण्याची गरज उरलेली नाही.

निर्णय आणि मांडणी

नातीला हे सगळे समजावून सांगण्याचे काम माझ्याकडे आले. तिने एकच प्रतिप्रश्न केला: मग आजोबांनी जे केले ते चूक होते का? आजच्या नियमांनी आणि आजच्या माहितीने ते कोणी करू नये, आणि त्यांनी केले म्हणून आज आमच्याकडे शिकवायला हा नमुना आहे, ही दोन्ही विधाने खरी आहेत आणि एकाने दुसरे रद्द होत नाही, असे उत्तर मी दिले. तिने ते किती मान्य केले ते मला सांगता येणार नाही, पण दानपत्रावर तिने सही केली.

मांडणीवर थोडी चर्चा झाली. संग्रहालय साहाय्यकाने नेहमीप्रमाणे स्तंभ उभा करून खाली छोटा दिवा लावण्याचा बेत केला होता. तसे केले असते, तर तो घरच्या कपाटात होता तसाच एक शोभेचा तुकडा दिसला असता आणि पाहणाऱ्यांपैकी एखाद्याला आपल्याकडेही असा असावा असे वाटले असते. म्हणून तो आडवा, तुटके तोंड पाहणाऱ्याकडे करून ठेवला आहे. खालच्या पाटीवर खनिजाचे नाव, घनता आणि अंदाजे वाढीचा पल्ला आहे, प्राप्तिस्थान ‘कांगेर खोरे, बस्तर, बहुधा कुटुमसर, मौखिक माहितीवरून’ असे लिहिले आहे, आणि माथ्यावरच्या खड्ड्यांचे कारणही स्पष्ट दिले आहे. अभिषेकाचा उल्लेख पाटीवर असावा का, याबद्दल एका सहकाऱ्याला संकोच वाटत होता, पण कुटुंबाची हरकत नव्हती आणि नमुन्यावर घडलेली कोणतीही क्रिया नोंदीतून वगळणे आमच्या शास्त्राला धरून झाले नसते.

सहल ठरल्याप्रमाणे हिवाळ्यात गेली, स्तंभाशिवाय. गुहेत उतरण्यापूर्वी विद्यार्थ्यांना दिलेल्या सूचनांत या वर्षी एक भर पडली: जमिनीवर तुटलेले बुंधे दिसतील, त्यांच्या तोंडावर पाणी पडत असेल तर तिथे पाय ठेवू नये, कारण वाढ तिथेच चालू आहे. संग्रहालयाच्या नोंदवहीत नमुन्याच्या पानावर अटी लिहून ठेवल्या आहेत: पाणी, तेल वा वार्निश लावू नये, पेटी खिडकीपासून दूर ठेवावी, छेद घेण्याची विनंती आल्यास विनंती करणाऱ्याने संशोधनाचा प्रश्न आणि मोजणीची सोय लेखी कळवावी, छेद अक्षाच्या एकाच बाजूने घ्यावा, आणि उरलेला अर्धा भाग तुटक्या तळासह विभागाकडे परत यावा.